खालच्या वॉर्डाला वायफाय नाही

आधीच सांगते, मी आता बरी आहे. चालते, जेवते, ग्रामपंचायतीत कामाला जाते. अंगात रक्त भरलंय, चेहऱ्यावर रंग आलाय. भेटेल ती बाई म्हणते, झालीस ना बरी, मग आता कशाला राग धरून बसतेस. मला तरी कुठे हौस आहे? पण भांडी घासताना, दाखल्यांवर शिक्के मारताना, आर्याची वेणी घालताना तो राग कुठून तरी वर येतो आणि हातातलं काम राहून जातं. म्हणून एकदाचं लिहून काढायला बसले. ज्या बाईला उद्या अशाच खाटेवर पडायची वेळ येईल तिच्या उपयोगी पडलं तर बरंच आहे. नाही पडलं तरी मी लिहिणार.

मी लिहिताना शाळेत शिकवलेली मराठी लिहिते. बोलताना आमची बीबी गावाकडची वऱ्हाडी निघते. दोन्ही मिसळलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर

माझे मिस्टर, म्हणजे आर्याचे पप्पा, जन्मापासून ऐकू शकत नाहीत. बोलतही नाहीत. गावात त्यांना लोक सरळ 'मुका टेलर' म्हणतात. त्यांच्या हातचा ब्लाऊज शिवून घ्यायला लोणारपासून बायका येतात, आणि त्याच बायका माझ्यासमोर 'मुका हाये का दुकानात' असं विचारतात. पूर्वी मी भांडायची. आता फक्त नाव सांगते, प्रकाश.

ते निवासी शाळेत हातांची भाषा शिकले. लग्न झाल्यावर ती मी त्यांच्याकडून शिकले, आणि जिथे खुणा सापडल्या नाहीत तिथे आम्ही दोघांनी घरच्या घरी तयार केल्या. त्या भाषेत अहो-अरे नसतं, हे मला सगळ्यात आवडलं होतं. लोकांना वाटतं आमच्या घरात शांतता असेल. कसली शांतता! आम्ही दिवसभर बोलतो. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर, ते बाजारातल्या दुकानात. त्यांचा फोन शिलाई मशीनला टेकवलेला, माझा मॉनिटरला. व्हिडिओ कॉल चालू. मधेच ते मान वर करून विचारतात, जेवलीस का. मी सांगते, सरपंच बसलेत समोर, नंतर. आमचं सगळं बोलणं डोळ्यांनी चालतं. नुसता फोन म्हणजे नुसता आवाज, आणि आवाजाचा आम्हाला काडीचाही उपयोग नाही. ही एवढीशी गोष्ट त्या दवाखान्यात एकाही माणसाच्या डोक्यात शिरली नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आर्याचे पप्पा बाहेरच्या माणसांसमोर सारखी मान हलवतात. समोरचा बोलायला लागला की हलवली मान. लहानपणी समजलं नाही असं दाखवलं की पोरं हसायची, मोठी माणसं चिडायची. तेव्हापासून ती सवय लागली. समोरच्याचं तोंड हलताना दिसतंय, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ. घरात माझ्यासमोर ते कधीच मान हलवत नाहीत. हो म्हणायचं असेल तर मूठ पुढे करून हलवतात, आणि नाही म्हणायचं असेल तर तळहात. हे मला माहीत आहे, आर्याला माहीत आहे. त्यांच्या सख्ख्या भावाला माहीत नाही.

"मग झालं तर"

चार महिने अंगावरून जात होतं. सांगायला लाज वाटायची. ग्रामपंचायतीत खुर्चीवरून उठायची भीती वाटायची, उठण्याआधी मागे वळून खुर्ची बघायची. पायऱ्या चढताना छाती भरून यायची. मेहकरला सोनोग्राफी केली. गर्भपिशवीत गाठ निघाली, आणि रक्त इतकं कमी की तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा.

तो मोठा दवाखाना जिल्ह्यातलाच. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की लोक म्हणतात, हो, तिथे तसंच चालतं, आणि विषय संपतो. मला विषय संपवायचा नाही.

शनिवारी गेलो. मी, आर्याचे पप्पा, माझे दीर संदीपभाऊ आणि सासूबाई. डॉक्टरांच्या केबिनमध्ये पेशंटसोबत एकच माणूस सोडत होते, म्हणून संदीपभाऊ आत आले. आर्याचे पप्पा बाहेर बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक मुलगी, दहा वर्षांची. ते म्हणाले, मग झालं तर, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल.

मग झालं तर! मी चौतीस वर्षांची आहे. दुसऱ्या लेकराचा विषय आमच्या घरात तीन वर्षं चालू होता. त्यांना हवं होतं. मी कधी हो म्हणायची, कधी नको म्हणायची. भांडायचो, रुसायचो, परत बोलायचो. तो आमचा विषय होता आणि अजून बोलून झाला नव्हता. डॉक्टरांनी तो तीन शब्दांत आटोपला. मी विचारलं, फक्त गाठ निघत नाही का? ते म्हणाले, बघू, आधी रक्त चढवू, ऑपरेशन करणारे सर्जन गुरुवारी येतात, तोपर्यंत घरी बोलून घ्या.

घरी बोलून घ्या, असं त्यांनीच सांगितलं. मला तेवढंच करायचं होतं. पिशवी ठेवायची की काढायची हे गुरुवारच्या आत नवऱ्याशी बोलायचं आणि मग सही करायची. बाहेर येऊन मी त्यांना हातांनी सांगायला लागले, गाठ आहे, ॲडमिट व्हायचंय. एवढं झालं आणि व्हीलचेअर आली. पुढचं राहिलं. मी त्यांना खूण केली, फोनवर बोलू.

तळघर

बायकांचा जनरल वॉर्ड तळघरात होता. वर रिसेप्शन, त्याच्यावर स्पेशल खोल्या. खाली आमच्या बारा खाटा, एक पंखा कुरकुरणारा, भिंतीपलीकडे एक्स-रेची खोली. फोन काढला तर रेंजची एक काडी नाही. इमर्जन्सी कॉलसुद्धा लागत नाही. पुरुषांना आत बंदी, फक्त चार ते पाच भेटायची वेळ, आणि एका पेशंटला एकच पास. तो पास संदीपभाऊंनी खिशात घातला, कारण कागदपत्रांची पळापळ तेच करत होते. सासूबाई माझ्याजवळ राहिल्या. आर्याच्या शाळेमुळे आर्याचे पप्पा घरी परतले.

वायफाय मात्र होतं. फोनवर नाव दिसत होतं, पुढे कुलपाचं चित्र. सिस्टरला पासवर्ड विचारला तर ती म्हणाली, तो स्पेशल रूमच्या पेशंटसाठी आहे, खालच्या वॉर्डाला वायफाय नाही. मी विचारलं, काऊन? ती म्हणाली, जनरलवाले दिवसभर रील बघत बसतात, आवाज करतात, मॅनेजमेंटचा नियम आहे.

ऐका. दिवसभर अख्ख्या गावाचं काम मी इंटरनेटवर करते. कोणाचा जन्मदाखला, कोणाचा उतारा, कोणाच्या लेकीचा अर्ज. लोकांचे अंगठे मशीनवर टेकवून टेकवून माझी बोटं दुखतात. आणि मला सांगतात, तुम्ही रील बघाल. आणि बघितलं असतं रील, तर? वरच्या मजल्यावरचे काय तिथे ग्रंथ वाचत होते?

सकाळी सहाला झाडू, सातला ताप बघणं, आठला चहा. नऊला राउंड, त्यात डॉक्टर खाटेपाशी मोजून अर्धा मिनिट थांबायचे. मग सलाईन, मग रक्ताची पिशवी, आणि तो थेंब थेंब बघत पडायचं. जळगाव जामोदच्या एक सिस्टर होत्या, मनानं फार चांगल्या. सुई लावताना आधी हात चोळून गरम करायच्या. त्यांनी स्वतःच्या फोनचं नेट मला जोडून द्यायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याच फोनला तिथे रेंज नव्हती. "आमालेबी नाई भेटत ताई," म्हणाल्या. सासूबाई पाय चेपायच्या, केस विंचरून द्यायच्या. शेजारच्या खाटेवर एक काकू होत्या, भाजीपाला पिकवणाऱ्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या. मी दिवसभर फोन वर करून रेंज शोधते हे बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुह्यावाला बरा वं बाई, ऐकू येत नाई म्हनून ऐकत नाई. माह्यावाल्याचे दोनी कान शाबूत हायेत." त्या सात दिवसांत मी हसले ती तेवढी एकदाच.

मोठ्यानं बोला

सोमवारी मी हट्टच धरला. खाली मॅनेजर आले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी नीट, शांतपणे सांगितलं. मिस्टरांशी बोलायचंय, ऑपरेशनचं ठरवायचंय, पाच मिनिटं वायफाय द्या, तुम्ही समोर उभे राहा हवं तर. ते म्हणाले, बोलायला वायफाय कशाला, रिसेप्शनचा फोन आहे, निरोप द्या, आम्ही लावून देतो. मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. ते म्हणाले, "मग जरा मोठ्यानं बोला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हाताला रक्ताची पिशवी लावलेली नसती तर काय केलं असतं सांगता येत नाही. मी परत सांगितलं, जन्मापासून ऐकू येत नाही, हातांनी बोलतात, बघावं लागतं. तेव्हा त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. वाटलं, समजलं. मग म्हणाले, तुम्हाला एकीला दिलं तर बाराही जणी मागतील. आणि गेले. बाराही जणींना द्यायला काय हरकत होती, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, लिहून का नाही पाठवलं? एक तर रेंजच नव्हती. आणि आर्याचे पप्पा मापं लिहितात, नावं लिहितात, दोन-चार शब्द वाचतात. मराठी ही त्यांची भाषाच नाही. पिशवी काढली तर काय, नुसती गाठ काढली तर काय, तुमच्या मनात काय आहे, माझ्या मनात भीती काय आहे, हे त्यांना चिठ्ठीत लिहून द्यायचं? संदीपभाऊंच्या हातून?

जिना

वॉर्डातून वर जाणाऱ्या जिन्यावर एक खिडकी होती. वरून तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं की बाहेरची रेंज यायची, एखादी काडी. हे सगळ्या बायकांना माहीत होतं. कोणी सलाईनची बाटली धरून, कोणी पोटाला हात लावून तिथे उभी असायची. डोकं भिंतीला टेकून घरी विचारायची, गाईला चारा घातला का, लेकरू जेवलं का. आवाजापुरतं तिथे भागायचं.

मंगळवारी दुपारी सिस्टर जेवायला गेल्यावर मी उठले. सासूबाई नको नको म्हणत मागे आल्या. चौदा पायऱ्या. मधे दोनदा बसले. तिसऱ्या पायरीवर पोचले, कॉल लावला आणि लागला. आर्याचे पप्पा दुकानातच होते. मला बघून त्यांनी कात्री खाली टाकली. मी एका हातानं फोन धरला, दुसऱ्या सुई लावलेल्या हातानं सांगितलं, डॉक्टर पिशवी काढा म्हणतात. तुमचं काय? त्यांनी हात उचलला, आणि चित्र तिथेच अडकलं. हात वर, बोटं अर्धवट, मूठ होतेय की तळहात उघडतोय हे कळेना. मागून मशीनचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. पायरीवरची एक बाई म्हणाली, आवाज तर येऊन राह्यला ना ताई. मी ते अडकलेलं चित्र बघत उभी राहिले. मग पायांवरून काहीतरी गरम उतरलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा खाटेवर होते, दोन्ही बाजूंचे लोखंडी कठडे वर केलेले. मोठ्या सिस्टर ओरडत होत्या, फोनच्या नादात मरायचं आहे का. त्यांनी माझा फोन घेतला, बंद केला आणि टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला. म्हणाल्या, ऑपरेशन झाल्यावर मिळेल. माझं काही चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. रक्त चढत असताना जिना चढले, हे चुकलंच. पण त्या जिन्यावर मला कोणी पाठवलं होतं?

सही

त्याच दिवशी चार वाजता संदीपभाऊ आले. सकाळी निघताना मी दादाले इचारलं, म्हणाले. कसं विचारलं? तर म्हणे, पोटावर हात ठेवून, कापायची खूण करून.

"दादानं मान हालवली वहिनी. हो म्हने."

"संदीपभाऊ, मान तर ते साऱ्या जगापुढं हालवतात. मले त्यायचे हात पाह्यचे हायेत."

ते चिडले. माझं स्वतःचं दुकान बंद ठेवून रोज मोटारसायकल हाणत येतो, तरी तुमचं आपलं तेच, असं म्हणाले. खरं आहे, येत होते बिचारे. वाईट माणूस नाही. पण तीस वर्षं एका घरात राहून भावाची भाषा शिकावीशी वाटली नाही त्यांना. गरजच पडली नाही, मान हलतेय ना! सासूबाई त्यांच्याच बाजूनं बोलल्या, "बायायच्या गोष्टी मानसाले काऊन इचाराच्या वं?" मी म्हटलं, उद्या आर्याच्या पप्पांना पास द्या, त्यांना पाठवा. संदीपभाऊ म्हणाले, त्याले एकट्याले इथं काय समजते, अन् उद्या मले याले जमत नाई, आता गुरुवारी येतो. पास त्यांच्या खिशातच राहिला.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला सहीचा कागद आला. आणलेल्या डॉक्टर पोरसवदा होत्या, घाईत. म्हणाल्या, सर उद्या येतायत, नाव यादीत टाकायचं की पुढच्या गुरुवारी ढकलायचं? तोपर्यंत रक्त गेलं तर आमची जबाबदारी नाही. मी म्हटलं, मिस्टरांशी बोलायचं राहिलंय. त्या म्हणाल्या, तुमचे मिस्टर हो म्हणालेत, दिरांनी सांगितलं ना.

मला माहीत होतं. ती मान म्हणजे हो नाही, हे या जगात सगळ्यात जास्त मला माहीत होतं. आणि तरी मी सही केली. भीती वाटत होती. जिन्यावरच्या रक्ताची, अंधारीची, आर्याची. सासूबाईंचा हात पाठीवर होता. मी कंटाळले होते. मी स्वतःला समजावलं, कोण जाणे, हो म्हणालेही असतील. या लिखाणात मी सगळ्यांवर चिडले आहे, तर स्वतःला सोडणार नाही. सही माझी आहे.

गुरुवारी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पिशवी काढली. दुखलं, उलट्या झाल्या, शुक्रवारी उठून बसले, भाताची पेज प्यायले. पाठीत उशी ठेवून जामोदच्या सिस्टर म्हणाल्या, झालं ताई, सुटल्या. त्याच दिवशी भेटीच्या वेळी संदीपभाऊ आले आणि सांगितलं, दादाले सांगतलं मी, झालं म्हनून, उद्या घरी आणतो म्हनून. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणे, काईच नाई, तिकडं तोंड करून शिवत बसला.

ॲडमिट होण्याआधी

मैत्रिणींना, शेजारणींना, दाखल्याला आलेल्या बायकांना मी आता तोंडपाठ सांगते. पिशवी काढावी लागते तेव्हा काढावीच लागते, घाबरू नका, त्यानं बाईपण जात नाही. पण दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवल्याशिवाय सही करू नका. दवाखान्यात गेल्यावर खाट कुठे हे विचारताना रेंज कुठे हेही विचारा. लाजू नका. पास घरच्या कारभारी माणसाकडे देऊ नका, ज्याच्याशी तुम्हाला बोलायचंय त्याच्याकडे द्या. फोन काढून घेतला तर तो निदान रेंज असेल तिथे चालू ठेवायला लावा. आणि कोणी म्हणालं की आजारी माणसाला नेट कशाला, आराम करा, तर त्याला विचारा, तू आठवडाभर घरच्यांशी न बोलता तळघरात पडशील का? पाणी लागतं, संडास लागतो, पंखा लागतो, तसंच हे लागतं. भीक मागितल्यासारखं मागायची गोष्ट नाही ही.

एवढं सगळं मला घरी निघायच्या शनिवारपर्यंत समजलं नव्हतं.

शनिवार

सुट्टी मिळाली. फोन परत मिळाला, बॅटरी आधीपासूनच संपत आलेली. रिसेप्शनवर कागद तयार होईपर्यंत संदीपभाऊंनी तो तिथल्या चार्जरला लावला. सासूबाई पिशव्या घेऊन दाराशी. काउंटरवरची मुलगी गोड हसली. मॅडम, आता कसं वाटतंय? मग तिनं चौकोनी ठिपक्यांचं चित्र छापलेला एक पुठ्ठा पुढे केला. हे स्कॅन करा ना, आमच्या हॉस्पिटलला पाच स्टार द्या. मी म्हटलं, इथेही रेंज नाही. ती म्हणाली, "अहो, वायफाय आहे ना, द्या मी जोडून देते."

आणि तिनं माझा फोन घेऊन स्वतःच्या हातानं पासवर्ड टाकला. दहा सेकंद लागले असतील.

फोन परत माझ्या हातात आला तेव्हा तो थरथरत होता. मेसेजवर मेसेज. सगळे आर्याच्या पप्पांचे, सगळे व्हिडिओ. सात होते. मी पहिला उघडला. मंगळवार, संध्याकाळ. ते मेहकरला उभे होते, शेजारी त्यांना हातांची भाषा शिकवणाऱ्या शाळेतल्या जुन्या बाई, केस पांढरे झालेल्या. जिन्यावर माझा एक हात त्यांनी नीट बघितला होता. पिशवी, एवढं त्यांना कळलं होतं. लगेच दुकान बंद करून, आर्याला शेजारी ठेवून ते बाईंकडे गेले आणि बाईंना घेऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांच्या फोनमध्ये माझ्या सोनोग्राफीचा फोटो होता, तो दाखवला. व्हिडिओत त्यांचे हात सावकाश, नीट चालत होते, मला समजावं म्हणून. सही करू नको. डॉक्टर म्हणाल्या, फक्त गाठ काढून बघता येईल, घाई करायची गरज नाही. थांब. मी उद्या येतो.

बुधवारचे चार व्हिडिओ दवाखान्याच्या फाटकासमोरचे होते. पहिला दुपारी दोनचा. मी आलोय, वर ये, नाहीतर कोणाला तरी पाठव. मग एकात त्यांनी कॅमेरा फिरवून वॉचमन दाखवला, तो हातानं चल चल करत होता. पास नाही, आणि पेशंटचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. पुढच्यात त्यांनी दुकानाच्या बिलावर माझं नाव मोठ्या अक्षरात लिहून ते छातीशी धरलं होतं. हे माझ्या सहीच्या वेळचं. शेवटच्यात बसस्टँड, संध्याकाळ, आर्या वाट बघत असेल, मला जावं लागेल. सही करू नको. बाकीचे दोन शुक्रवारचे. त्यात नुसता चेहरा होता. हात नव्हते.

संदीपभाऊ माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बुधवारी रातच्याला घरी हात करून काई तरी सांगत व्हता वहिनी. मले वाटलं दुकानाचं असंन. मी आपली मान हालवली."

त्या मुलीनं विचारलं, मॅडम, झालं का पाच स्टार? मी समोरच्या खुर्चीत बसले आणि व्हिडिओ कॉल लावला. एका घंटीत उचलला. ते दुकानात होते. दोघांपैकी कोणाचेच हात उठेनात. मग त्यांनी विचारलं, काढली? मी मूठ पुढे केली आणि हलवली. त्यांनी विचारलं, तू माझी वाट नाही बघितली? मी सांगायला लागले, तळघर, कुलूप, खण, पास, मान. हात दुखत होते, टाके ओढत होते, वेटिंगमधली सगळी माणसं माझ्या हातांकडे तमाशा बघितल्यासारखी बघत होती. बघू दे. मी सगळं सांगितलं, सहीसुद्धा.

त्यांनी फोन मशीनवर आडवा ठेवला. मला दुकानाचे पत्रे आणि त्यावरून टांगलेले अर्धवट शिवलेले ब्लाऊज दिसत राहिले. संदीपभाऊ म्हणाले, चला वहिनी, गाडी उभी हाये. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, झालं असेल तर जरा खुर्ची द्याल, पेशंट आहेत. मी फोन ठेवला नाही. ते परत समोर येऊन हात उचलेपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठणार नव्हते.